मशीनवर फुलाबाई

कोळवणच्या खोऱ्यात भातलावणीचा एक साधा नियम आहे. आज ज्यांच्या खाचरात लावणी, त्यांच्याकडे दर घरातून एक बाई जाते. सासूला जमलं नाही तर सून, सून अडली तर शेजारीण. घराचा खाडा पडला नाही म्हणजे झालं.

सारजाबाईंनी हाच नियम पुण्याच्या इस्पितळाला लावला.

त्यांच्या छातीतली गाठ आता मणक्यापर्यंत पोचली होती. दुखणं कमी व्हावं म्हणून डॉक्टरांनी पाठीला दहा दिवस शेक सांगितला होता, मशीनवरचा, किरणांचा. सहा झाले. सातव्या दिवशी हिंजवडीच्या ऑफिसात वैष्णवीचा, म्हणजे सुनेचा, फोन वाजला. इस्पितळातली नर्स बोलत होती.

"मॅडम, तुमच्या सासूबाईंच्या नावावर दुसऱ्याच बाई टेबलावर येऊन झोपल्यात. शेकाच्या जागी आम्ही पाठीवर खुणेचा ठिपका देतो, तो नाही. वर म्हणतात, आलेच आहे तर द्या, माझीपण कंबर धरलीये."

वैष्णवी धापा टाकत पोचली तेव्हा शेजारची फुलाबाई बाकावर बिस्किट खात बसली होती.

"फुलामावशी, असं कुणी करतं का?"

"सारजा म्हनली एक दिस माझ्या जागी जा. माझ्या बाळंतपनात तिनं चार दिस माझ्या वाटची लावणी केलती. न्हाई कसं म्हनू?"

डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी विचारलं, "त्यांना यायचं नाहीये का?"

वैष्णवीनं दहा गजर लावले होते, जीप ठरवली होती, डबे भरले होते. हे तेवढं विचारलं नव्हतं.

घरी सारजाबाई नातीला, छोट्या अपेक्षाला, मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या.

"आत्या, मला सांगायचं ना."

"तू मोबाइलात गजर लावलेला. गजराला कोन न्हाई म्हनतं?" मग नातीला जवळ ओढून, "पाठ हाय तेवढी सोसवती गं. जाऊन-येऊन पाच तास मोडत्यात. आलं की आडवी. ही पोर मला निजलेलीच बघती. ऱ्हायलेलं दिस मला हितं पायजेत."

वैष्णवीनं डॉक्टरांना फोन लावून स्पीकर चालू केला. ते म्हणाले, मधेच थांबलं तर दुखणं लवकर उठू शकतं. उठलं तर गोळ्या आहेत, परत यायचं तर दार उघडं आहे. पण समजून थांबत असतील तर निर्णय त्यांचा.

"समजलं," सारजाबाई म्हणाल्या.

वैष्णवीनं उरलेले गजर एकेक करून पुसले. शेवटच्यावर बोट अडलं.

"पूस गं त्योबी," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुलाबाईच्या खाचरात लावणी होती. वैष्णवी रजा टाकून गुडघाभर चिखलात उतरली. बांधावर छत्रीखाली सारजाबाई, मांडीत अपेक्षा.

"ही रांग हाय का घाटाचा रस्ता?" सारजाबाई बांधावरून ओरडल्या.

"सारजे, ही बदली चालंल का गं तुझी?" फुलाबाईनं विचारलं. "का हिलाबी माघारी धाडायची?"

"थांब. ये गं हिकडं, पाठ कर."

वैष्णवी बांधापाशी वाकली. सारजाबाईंनी चिखलात बोट बुडवलं आणि तिच्या पाठीवर नीट, दाबून, एक ठिपका दिला.

"आता चालंल."