गोड लागणारी काळी माती

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी घमेले आहे. माझ्या काठाला हात लावू नका. आधी माझी गोष्ट ऐका.

नगरच्या एका पत्र्याच्या कारखान्यात ठोके खात मी जन्मलो आणि शहरातल्या एका लहानशा बागेत नोकरीला लागलो. बागेचे माळी दाऊदचाचा मला रोज घासूनपुसून ठेवत. "हे घमेलं म्हंजे माझा उजवा हात हाय," असे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि मी फुगून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते!

बाहत्तरच्या दुष्काळात बाग करपली. झोपाळ्यांखालची माती वाऱ्याने उडाली, मुरूम उघडा पडला आणि पोरांचे गुडघे फुटू लागले. चाचा मातीच्या शोधात निघाले. नागापूरच्या रस्त्याला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणारी एक भट्टी होती. तिच्यामागे काळ्याभोर मातीचा ढीग पडला होता. काळी माती म्हणजे कसदार, हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. चाचांनी हातगाडीने ती आणली आणि झोपाळ्यांखाली मी ती मोठ्या तोऱ्यात वाहिली.

त्याच वर्षी कर्जतकडची मालनबाई बागेत झाडलोटीच्या कामाला आली. तिला दिवस गेले होते आणि मातीचे डोहाळे लागले होते.

"चाचा, चिमूटभर माती खाऊ का? लई मन हुतंय."

"खा की पोरी. चांगली काळी हाय."

ती माझ्यातूनच माती घेई. "गोड लागतीया," म्हणे. मी तिची रोज वाट बघायचो. आज ते आठवले की मला माझीच भीती वाटते.

सातव्या महिन्यात तिला मुलगी झाली. ती रडलीच नाही.

महिन्याभराने मालनबाई बागेत आली, तेव्हा तिच्या हिरड्यांवर काळी-निळी रेघ होती. "डाक्टरनं ही रेघ बघितली," ती म्हणाली. "इचारलं, काय खातीस, माती कुठली? भट्टीमागची सांगितली, तवा म्हनले, तिच्यात शिसं हाय. इख हाय ते."

चाचा फावड्याने झोपाळ्यांखालची माती ओढू लागले. मला काठोकाठ भरून त्यांनी उचलले.

"कुठं टाकनार, चाचा?"

"वढ्यात."

"वढ्याचं पानी खालची गावं पित्यात."

"मग माळावर."

"तिथं शेरडं चरत्यात. त्यांचं दूध बी कुनाचं तरी लेकरूच पितंय."

चाचांनी मला खाली ठेवले आणि झोपाळ्यांभोवती काट्यांचे कुंपण घातले. मी भरलेलाच राहिलो. अजून तसाच आहे. वाऱ्याने रिकामे झोपाळे कुरकुरतात, तेव्हा मला वाटते, ती मुलगी आता रडू लागली. मी कान देतो. पण रडणे काही येत नाही.

मित्रांनो, मालनबाईने मुलीचे नाव आधीच ठरवून ठेवले होते, चांगुणा. त्या नावाने तिला कधी कुणी हाक मारली नाही. तुम्ही मोठे व्हाल, कारखाने काढाल, नको असलेले कुठेतरी ओतायला निघाल. त्या वेळी आधी एकदा हे नाव मोठ्याने घ्या आणि मग ठरवा.