मोगरीचा भरडा

मोगरी घरी आली तेव्हा आमच्या ह्यांना बोईसरच्या एका कारखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. गाय संकरित, अंगानं थोराड, पण नजरेनं वासरासारखी. ह्यांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं, "धार तू काढ. भरडा मात्र मीच देणार." मी म्हटलं, द्या बापडे. कारखान्यात ह्यांना कुणी नावानं हाक मारत नव्हतं. घरी निदान एक जीव आपली वाट बघेल, एवढीच त्यांची हौस होती, आणि ती मला कळत होती.

पण माणूस कामाला पाळीवर. एक आठवडा पहाटे जायचं, एक आठवडा दुपारी, एक आठवडा रात्री. मग मक्याचा आणि पेंडीचा भरडाही पाळीवर. कधी निघण्याआधी, कधी परत आल्यावर, कधी झोप झाल्यावर, पण बहुतेक दुपारच्या भोंग्याच्या आगेमागे. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, भरडा सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी द्या, दिवसभर तिला गवताला तोंड लावू द्या. हे म्हणाले, "डॉक्टरचं काय जातंय? धारेच्या वेळी मी घरी कुठं असतो?"

गाय बिचारी काय करणार? आमचं घर सरावलीच्या टोकाला, रुळांच्या अलीकडे. कुरण पलीकडे. गुडघाभर हिरवं गवत सोडून ती सकाळपासून घराकडे तोंड करून उभी राहायला लागली. दोन घास खाल्ले की मान वर, कान टवकारलेले. कुठल्याही कारखान्याचा भोंगा वाजला की चालू पडायची. पोट खपाटीला गेलं, दूध आटत चाललं, आणि मला तर घरात चैन पडेना. गाडीची शिट्टी ऐकली की हातातलं काम टाकून मी दारात.

गावची गुरं चारणारा जिव्या एक दिवस काठी आपटत अंगणात आला. "बाय, तुजी गाय मना आवरत नाय. उद्या गाडीखाली गेली तं माज्या नावानं बोंबलू नको."

मी ह्यांना सांगितलं. मी भांडले, टोमणे मारले. "गायीलापण कारखान्यात चिकटवा, म्हणजे दोघं जोडीनं जाल." हे नुसते हसले. "लळा लागलाय तिला," म्हणाले. मला असा राग आला!

भाद्रपदातली गोष्ट. हे दुपारपाळीला निघालेले, अंगात खाकी कपडे, हातात भरड्याचं घमेलं. भोंगा वाजला. पलीकडे मोगरीनं मान उचलली आणि जिव्याच्या हातातल्या दाव्याला हिसडा देऊन धावत सुटली. तेवढ्यात वाणगावच्या बाजूनं मालगाडीची शिट्टी झाली.

"थांब! मोगरे, थांब गं! मागं फिर!" हे ओरडायला लागले. पण थांब हा शब्द त्यांनी तिला कधी शिकवलाच नव्हता. त्यांचा आवाज म्हणजे खाणं, एवढंच तिला ठाऊक. ते जितके जीव तोडून ओरडत, तितकी ती वेगानं येत होती.

"आत जा तुमी!" मी किंचाळले. "तुमी दिसताय म्हणून येतेय ती! दार लावून घ्या!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मला अजून दिसतात. मग घमेल्यासकट आत गेले आणि दार लावलं.

मोगरी खडीशी येऊन थबकली. इकडे बघते, तिकडे बघते, माणूस कुठं दिसेना. तेवढ्यात जिव्यानं तिचं दावं धरलं आणि गाडी धडधडत मधून गेली. डब्यांमागून डबे. संपता संपेना.

दार उघडलं तर हे जमिनीवर बसलेले, भरडा सगळा मांडीवर सांडलेला.

"हाय?"

"हाय. जिव्यानं धरली."

"त्याला सांग, तिला परत चरायला ने. मी दिसायला नको." आणि मागच्या दारानं कामावर गेले.

दुसऱ्या दिवसापासून भरडा मी द्यायला लागले, धार काढताना. थोडे दिवस ती भोंग्याला हंबरायची. हे घरी असले तर खिडकी ओढून घेऊन आत बसायचे, कानावर उशी. दिवाळीपर्यंत ती गवतात मान घालून चरायला लागली. अंग भरलं, दूध वाढलं.

ह्यांच्या एका सुट्टीच्या संध्याकाळी मलाच राहवेना. घमेलं त्यांच्या हातात दिलं. "आज तुमी द्या. आता वेळेवरच हाय."

हे लगबगीनं गोठ्यात गेले. मोगरीनं घमेलं हुंगलं, मग मान वर करून त्यांच्या खांद्यावरून मागं बघायला लागली. मी दारात दिसले तशी हंबरली आणि घमेल्यात तोंड घातलं.

"बघ," हे म्हणाले, "तुला ओळखते." हसायला गेले, पण हसू काही आलं नाही. मग ती खात असताना तिच्या पाठीवरून हळूच हात फिरवत राहिले, तिला कळू नये असा.