इंजिनातला बोळा

महिन्याभरात नॉर्बर्ट तिसऱ्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा आर्डिसची खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

"मर्लचं ते इंजिन देतेस का मला?" टोपी हातात घेऊन तो म्हणाला. "भंगार म्हणून दे. उघडूबिघडू नकोस, आहे तसंच दे."

उघडू नकोस म्हणे. भंगार न्यायला आलेला माणूस असं कशाला सांगेल? आर्डिसने त्याला कॉफीसुद्धा विचारली नाही. "बघते," एवढंच म्हणाली आणि जाळीचं दार लावून घेतलं. तो मात्र बराच वेळ गाडीत नुसता बसून होता. तिने पडद्याआडून पाहिलं ना.

मर्ल तिचा भाऊ. मार्चमध्ये गेला. तरुणपणी होड्यांच्या शर्यतींपायी विस्कॉन्सिनमधलं एक तळं त्याने सोडलं नव्हतं. होडीच्या पाठीला लटकवलेलं दोन सिलिंडरचं इंजिन, पोटात इंधन म्हणून अल्कोहोल आणि एरंडेल, आणि हा गुडघे टेकून सुकाणूवर वाकलेला. सत्तावन्न सालच्या ऑगस्टात लिटल हेरन तळ्यावर, तिसऱ्या फेरीत, ते इंजिन भर वेगात फुटलं. होडी उलटली आणि मर्लचा पाय गुडघ्यापासून गेला. पंचांनी शर्यत थांबवली आणि आधीच्या फेरीतला क्रम धरून कप देऊन टाकला. तो मिळाला नॉर्बर्टला. तेव्हा आर्डिसच्या बोटात नॉर्बर्टची अंगठी होती. चार दिवसांनी नव्हती.

उगाच नाही काढली तिने. आदल्या संध्याकाळी ते इंजिन तिने स्वतः जोडलं होतं. बापाच्या इंजिन-दुरुस्तीच्या दुकानात तिच्याइतका नाजूक हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. जोडून, पिंपातल्या पाण्यात चालवून बघून ती माजी सैनिकांच्या लीजन हॉलमधल्या नाचाला गेली. नॉर्बर्ट तिथे तासभर उशिरा उगवला, आणि त्याच्या शर्टाला एरंडेलाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी अपघातानंतर सगळे मर्लभोवती गोळा झालेले, आणि हा पठ्ठ्या फुटलेल्या इंजिनाच्या भोकात चिंधीचा बोळा कोंबतोय. तिने विचारलं, तर म्हणाला, "वाळू जाईल." फुटक्या इंजिनात वाळू गेली काय नि हत्ती गेला काय, कोण विचारतो?

तिने तेव्हाच उघडून बघितलं असतं. पण मर्लने दवाखान्यातूनच बजावलं होतं, त्या इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. ते दुकानात ताडपत्रीखाली गेलं ते एक्केचाळीस वर्षं तिथेच राहिलं. तीही तिथेच राहिली म्हणा. लग्न नाही, काही नाही. भावाचं सगळं करायला घरात दुसरं होतं कोण?

आता मर्ल नव्हता. नॉर्बर्ट येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने ताडपत्री ओढली.

आधी बोळा निघाला, दगडासारखा कडक झालेला. आत वरच्या पिस्टनचा रॉड दोन तुकड्यांत, खालचा धड. या रॉडला एक अर्धगोल टोपी असते, ती स्क्रूने आवळून रॉड क्रँकच्या फिरत्या दांड्यावर बसवायचा. प्रत्येक रॉडची टोपी त्याचीच. दुसऱ्याची बसवली तर बसते, पिंपात फिरतेही, पण दोघांमधलं भोक पुरतं गोल राहत नाही आणि वेगात जीव सोडते. म्हणून बाप कानशीने खाचा पाडून ठेवायचा. वरच्या रॉडला आणि त्याच्या टोपीला एक, खालच्या जोडीला दोन. आर्डिसने स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून त्यांना पीळ देऊन बांधलेली तार कापून डब्यात टाकली आणि खालची टोपी काढली. रॉडवर दोन खाचा. टोपीवर एक.

ती स्टुलावर बसली. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. सापडलास बेट्या, म्हणाली. अदलाबदल केली आहे कुणीतरी, आणि ते कुणीतरी कोण हे सांगायला पंच नकोत.

मग तिने ते इंजिन पुन्हा उभं करायचं ठरवलं. मर्लसाठी एकदा त्याचा आवाज ऐकायचा होता, आणि नॉर्बर्टला बोलवायला निमित्तही हवं होतं. आयोवातल्या एका म्हाताऱ्याकडून तिने रॉडची जोडी मिळवली, भोक वेल्डिंग करून बुजवून घेतलं, सहा आठवडे खपली. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी दुपारी त्याला निरोप धाडला, इंजिन पिंपात चालवतेय, ये.

तो आला. उघडू नको म्हणणाऱ्याच्या तोंडाचा रंग उडालेला तिने टिपून ठेवला.

तिसऱ्या हिसक्याला दोरीने काम केलं. इंजिन असं काही ओरडलं की पलीकडे तळ्याच्या धक्क्यावरची बदकं उडाली. निळा धूर, एरंडेलाचा वास. नॉर्बर्टने डोळे मिटून घेतले होते.

"छान वाजतंय," इंजिन बंद झाल्यावर तो म्हणाला.

"पिंपात सगळी इंजिनं संत असतात," आर्डिस म्हणाली आणि जुना रॉड टोपीसकट बाकावर आपटला. "दोन खाचांच्या रॉडला एका खाचेची टोपी. कुणी केलं हे?"

त्याने रॉडकडे पाहिलंच नाही, तिच्याकडे पाहिलं. "म्हणत होतो ना, भंगारात दे म्हणून."

"म्हणजे कबूल आहे."

"राहू दे, आर्डिस."

"नाही राहू देणार. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्यात मी. चोराचं 'राहू दे' पहिल्यांदाच ऐकतेय. आणि त्या रात्री शर्टाला वास कसला होता?"

"माझ्याच इंजिनाचा. तळ्यावर त्या रात्री ज्याच्या-त्याच्या शर्टाला तोच वास होता." तो बाकाकडे वळला. मग म्हणाला, "टोपीला तार होती ना? कुठाय?"

तिने डबा सरकवला. त्याने कापलेली तार उचलून बाकावर ठेवली, शेजारच्या रिळातून वीतभर नवी तोडली, दुहेरी केली आणि पकडीने पीळ दिला. दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. त्याचा पीळ एकीकडे, जुन्या तारेचा बरोबर उलटा.

त्या दुकानात डावखुरी एकटी आर्डिस होती. तिच्यानंतर कुणी उघडलं असतं, तर तार त्याच्या हातची असती.

तार कापताना तिला काहीच खटकलं नव्हतं. कसं खटकेल? स्वतःच्या हातचं कुणाला वेगळं दिसतं? आणि मग तिला ती संध्याकाळ आठवली. सात वाजता नाच, साडेसहा वाजून गेलेले, खिळ्याला टांगलेला निळा झगा. बापाचा नियम होता, एका वेळी एकच रॉड धुवायचा. तिने दोन्ही रॉड टोप्यांसकट एकाच परातीत पेट्रोलमध्ये टाकले होते. झगा तिला एक्केचाळीस वर्षं आठवत होता. परात एकदाही आठवली नव्हती.

"तू तेव्हाच ओळखलंस?" तिने विचारलं.

"मी नाही, मर्लने. होडी आणि तो, दोघांना वाळूत शेजारीशेजारी ठेवलं होतं. इंजिनाचं भोक त्याच्या तोंडासमोर, आत टोपीची चुकलेली खाच सरळ दिसत होती. पायाची ती दशा, आणि मला म्हणतो, नॉर्ब, ते बुजव, आर्डिसला दिसता कामा नये. शपथ घातली. तो गेल्यावर म्हटलं, आता इंजिनच उचलून न्यावं."

दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की कापताना आर्डिस नॉर्बर्टचा उद्धार करायची, आणि मर्ल म्हणायचा, जरा बटाटे वाढ. तिला वाटायचं, बिचाऱ्याला त्यावर बोलवत नाही. ती उपड्या बादलीवर बसली. भावाचा राग आला तिला, आणि लाज तर अशी वाटली की मान वर होईना.

"गावभर काय काय बोलले मी तुला."

"ऐकलंय सगळं. काही शिव्या तर नव्याच होत्या मला." त्याने खिळ्यावरचं जीवरक्षक जाकीट काढलं. "चल, पाण्यावर बघू. मी बसतो होडीत."

"त्र्याहत्तराव्या वर्षी?"

"गुडघे टेकता येतात. उठता येतंय का ते नंतर बघू."

"आधी उघडून बघणार नाहीस?"

"जोडलंय कुणी?"

"मी."

"मग बघायचं काय त्यात?"

मर्लला पुरताना आर्डिस रडली नव्हती. आता मात्र तिला आवरेना, आणि तिने आवरलंही नाही. मग बाहीने तोंड पुसलं, त्याच्या हातातलं जाकीट ओढून घेतलं आणि पाना उचलला.

"उघडतेय मी. आधी मी बघेन, मग तू बघ. तू हो म्हणेपर्यंत तार वळणार नाही."

"ऊन जाईल, बये."

"जाऊ दे. उद्या येशील."

नॉर्बर्टने स्टूल पुढे ओढलं आणि खिशातून चष्मा काढला.