पंचावन्न सालचा चाकू

निवेसने रुमालातून चाकू काढून टेबलावर ठेवला, तेव्हा ओलिंतोने लगेच हात पुढे केला नाही. आधी चष्मा पुसला. मग उगाच पुन्हा पुसला.

"बाबांच्या कपाटात सापडला," ती म्हणाली. "मोज्यात गुंडाळलेला. काका, आजोबांचाच आहे ना हा?"

पंचावन्न साली ओलिंतोचा बाप वारला आणि त्याच आठवड्यात त्याचा बटणाचा चाकू घरातून नाहीसा झाला. धाकट्या भावाने, निवेसच्या बापाने, तार्चिझियोने भर चौकात ओलिंतोला चोर ठरवलं. इटलीतल्या या मानियागो गावात घरोघरी चाकू बनतात. तिथे बापाने स्वतःसाठी घडवलेला चाकू चोरणं म्हणजे मेलेल्या बापाचा हातच तोडून नेणं. ओलिंतोने तो घेतला नव्हता. पण घेतला नाही याचा पुरावा कुठून आणायचा? निवेसचं, सख्ख्या पुतणीचं, लग्न त्याने चर्चच्या शेवटच्या बाकावरून पाहिलं. गेल्या महिन्यात तार्चिझियो गेला, तेव्हा शवपेटीला शेजारच्या न्हाव्याने खांदा दिला, सख्ख्या भावाने नाही.

"आई म्हणते, हा तोच निघाला तर तुम्हाला रविवारी जेवायला घेऊन ये. ती तुमची माफी मागणार आहे."

"ओनोरिना? माफी? ताप-बीप नाही ना आला तिला?"

निवेस हसली. "फ्रिको करणार आहे. भरपूर चीज घालून."

ओलिंतोने चाकू उचलला. बटण दाबताच पातं खटकन बाहेर आलं. मूठ मधाच्या रंगाच्या शिंगाची, अगदी बापाच्या चाकूसारखी. लांबीही तेवढीच. मग मिटवायला म्हणून अंगठ्याचं नख आपोआप मुठीच्या पाठीवर गेलं. बापाच्या चाकूला तिथे लोखंडाची बारीकशी जीभ होती; ती नखाने उचलल्याशिवाय पातं मिटत नसे. त्यापायी बापाच्या अंगठ्याचं नख कायम तुटलेलं असायचं.

नख गुळगुळीत शिंगावरून घसरलं. जीभ नव्हतीच.

मुठीच्या तोंडाशी असलेली धातूची टोपी त्याने जरा कलती केली. पातं निमूट मिटलं. या हलत्या टोप्या गावात आल्या त्या बाप गेल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. त्याने स्वतःच अशा शेकडो बसवल्या होत्या.

निवेसला यातलं काही कळत नव्हतं. तिच्या घरात कळणारं कुणी उरलंही नव्हतं. नुसतं 'हो' म्हणायचं, की रविवारी त्या टेबलावर त्याची खुर्ची लागणार. त्याने तोंड उघडलं. लांबलांबून लोक त्याच्याकडे चाकू आणत, तो कुठल्या सालचा ते विचारत आणि ओलिंतो सांगेल ते मान खाली घालून ऐकत. चाकूबाबतचा त्याचा शब्द, गावाने त्याच्याकडून हिसकावून घेतली नव्हती अशी ती एकच गोष्ट.

"नाही," तो म्हणाला. "नंतरचा आहे. अठ्ठावन्न-एकोणसाठचा."

"नीट बघा ना, काका."

"बघितला." त्याने पुन्हा बटण दाबून तिला टोपी दाखवली. "ही हलते, दिसलं? बापाच्या चाकूची हलत नव्हती. हा तसाच दिसतो म्हणून तार्चिझियोने विकत घेतला असेल."

निवेसने उघड्या पात्याकडे पाहिलं.

"बाबा दर रविवारी पुसायचे हा," ती म्हणाली. "म्हणजे खरा त्यांच्याकडे नव्हताच."

"नव्हता."

"असता तर हा कशाला घेतला असता?"

आपण बोलत बोलत कुठे येऊन पोचलो, ते ओलिंतोला आत्ता दिसलं.

"निवेस, अगं, माझ्याकडेसुद्धा…"

"मी काही म्हटलंय का?" ती उठली. रुमालाची घडी करून तिने पर्समध्ये टाकली. चाकूला हात लावला नाही. "राहू दे इथेच. खऱ्याला जोडी होईल."

ओलिंतो घाईघाईने खिसे चाचपू लागला. एक नाणं सापडलं. हातावर नाणं ठेवल्याशिवाय इथे कुणी कुणाचा चाकू घेत नाही. फुकटचा चाकू नातं कापतो म्हणतात. त्याने ते तिच्यापुढे धरलं.

निवेस कोटाची बटणं लावत होती.

"कशाला, काका? कापायला काही शिल्लक आहे का?"

दार लागलं. नाणं मुठीतच राहिलं. थोड्या वेळाने त्याने मिटवायला म्हणून चाकू उचलला, तेव्हा अंगठ्याचं नख पुन्हा जीभ शोधत मुठीच्या पाठीवर गेलं.