बोट लागते का?

घाटकोपरच्या त्या चाळीत सुगंधाला तिच्या नावाने फार थोडे जण हाक मारत. बाकी सगळ्यांसाठी ती ‘खंयचे’. दारावर कल्हईवाला येवो, बोहारीण येवो, नाहीतर मीटर बघणारा, सुगंधाचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुमी खंयचे?" एकदा गावाचं नाव मिळालं की त्या माणसाची सुटका नसे. तुमच्याकडे मासे कुठले, पाऊस कसा, लग्नात गोड काय करतात, सगळं वदवून घ्यायचं आणि मग भांडी कल्हईला द्यायची. एक हिंगवाला तर तिच्या उंबऱ्यात बसून आपल्या गावच्या बर्फाबद्दल इतकं बोलला, की हिंग विकायचाच विसरला.

सांताक्रूझकडे विमान उतरू लागलं की ही पिठाच्या हातांनी गॅलरीत. नवी बस सुरू झाली की शेवटच्या स्टॉपापर्यंत जाणार, तिथं काय आहे ते पाहणार आणि त्याच बसने परत. आरे कॉलनीतल्या म्हशी पाहून आली, तेव्हा चाळीला त्यांच्या गोठ्यांची साग्रसंगीत हकिकत ऐकावी लागली. नवरा दत्ताराम कुर्ल्याला फिटर होता. तो हसून म्हणायचा, "बायको केलंय काय वार्ताहर, तांच माका कळणा नाय."

पण हे सगळं जग दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. स्वतः पाहिलेलं जग म्हणजे मालवण ते मुंबई, तेवढंच. चाळिशी उलटली होती, आणि आता आपलं पाहणं राहूनच जाणार, ही हुरहूर तिला अलीकडे भर दुपारी भाजी निवडताना गाठायची.

अशात पिठाच्या गिरणीवर तिने ती बातमी ऐकली. मागच्या गल्लीतल्या उत्तराबाईंचा मुलगा विद्याधर मोंबासाला रेल्वेच्या ऑफिसात होता. आता त्याची बायको जयंती तान्ह्या मुलाला घेऊन त्याच्याकडे निघाली होती. सुनेला एकटीने कशी पाठवायची? उत्तराबाईंना सोबतीला एक भली बाई हवी होती. जायचं-यायचं तिकीट विद्याधर काढणार होता.

सुगंधा दळण तिथंच टाकून घरी धावली. "अवो, मोंबासा! आफ्रिका!"

दत्ताराम दाढी करत होता. "जा की," तो आरशातच म्हणाला. "माका आमटी करूक येता."

एवढ्यावर ती थांबते कसली! ठेवणीतलं लुगडं नेसून ती उत्तराबाईंच्या दारात हजर झाली.

उत्तराबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या. शेजारी जयंती बाळाला मांडीवर घेऊन, मान खाली. स्वयंपाक येतो का? येतो. मूल सांभाळाल? आनंदाने. सोवळंओवळं? जमेल तेवढं. सुगंधाला वाटलं, आपण आता निघालोच. इतक्यात उत्तराबाईंनी विचारलं, "आणि बोट लागते का हो?"

"लागते तर!" सुगंधा उसळून म्हणाली. समुद्राचं काही विचारलं याचाच तिला केवढा आनंद! "आमच्याकडे मालवणला लागते. लहानपणापासून बघते ना मी."

"लहानपणापासून?" झोपाळा मंदावला.

"होय. कधी पहाटे लागते, कधी रात्री लागते, काही नेम नाही. बोट लागली की सगळा गाव बघायला लोटतो."

"गाव बघायला येतो?" उत्तराबाईंनी पदर नाकाला लावला.

"येणारच! पावसाळ्यात मात्र अजिबात लागत नाही."

"बरं," उत्तराबाई म्हणाल्या. "कळवते मी."

आणि कळवलंही. दुसऱ्याच दिवशी निरोप आला, की वनमालाबाईंचं ठरतंय. वनमालाबाई म्हणजे पलीकडच्या बिऱ्हाडातल्या, अखंड जपमाळ ओढणाऱ्या. सुगंधा चुलीपुढे बसून राहिली. दत्ताराम कामावरून आला तेव्हा भात करपला होता आणि हिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"तू सांगलंस काय तिका?" त्याने विचारलं. तिने शब्दन् शब्द सांगितला. दत्ताराम ऐकता ऐकता आधी लाल झाला, मग पोट धरून भिंतीला टेकला. "अगे, बोट लागता काय म्हणजे उलटी होता काय! आणि तू सांगतंस, गाव बघूक येता!"

सुगंधाने कपाळावर हात मारला. मग तीही हसत सुटली. हसता हसता उठली, पायांत चपला सरकवल्या. गैरसमज तेवढा दूर केला की झालं!

"पण गे," दत्तारामाने मागून विचारलं, "तशी पण लागताच मा तुका?"

ती उंबऱ्यावर थबकली. खरंच होतं. मालवणला जाताना दर खेपेला भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली की हिचं डोकं कठड्याबाहेर. "रत्नागिरीपर्यंतच," ती पुटपुटली.

गल्ली ओलांडेपर्यंत तिचं ठरलं होतं. खोटं बोलायचं. एक शब्द ‘नाही’, आणि समोर आफ्रिका! असं साधं खोटं देवसुद्धा पोटात घालील.

उत्तराबाईंनी झाला घोटाळा ऐकून घेतला. हसू आवरत त्या म्हणाल्या, "मग आता सरळ सांगा. तुम्हाला बोट लागते का?"

सुगंधाने तोंड उघडलं. तेवढ्यात बाळाने हात पुढे करून तिचा पदर मुठीत धरला. उद्या भर समुद्रात आपण आडव्या पडलो आणि जयंतीही पडली, तर या मुठीत कुणाचा पदर?

"लागते," ती म्हणाली. "चांगली सपाटून लागते, मालवणला जाताना पार रत्नागिरीपर्यंत. मग वर जाऊन पाणी बघत बसले की हळूहळू उतरते." तिने मूठ सोडवली आणि वळली. पण दारात पोचल्यावर तिला राहवेना. "गो बाय," तिने जयंतीला विचारलं, "मोंबासाक बोट खंय लागता? भर समुद्रात, की आत खाडीत?"

जयंतीने मान वर केली. गेला महिनाभर तिच्याशी लोणची, लंगोट आणि उलट्या यांखेरीज कुणी काही बोललं नव्हतं.

"खाडीत," ती म्हणाली. "बेट आहे ते. दोन्ही काठांना नारळ आहेत म्हणे. ह्यांनी लिहिलंय."

"नारळ? आपल्यासारखे? मग मासे?"

"मासेही! आणि एक फळ आहे, त्याचं झाड एवढं जाड की..." जयंती बाळासकट उठली. ती सांगत सुटली, सुगंधा विचारत सुटली, आणि बाळ कधी या कडेवरून त्या कडेवर गेलं ते कुणालाच कळलं नाही. झोपाळा थांबला होता.

"आई," जयंती एकदम म्हणाली, "मला ह्याच हव्यात."

"अगं, पण ह्यांना बोट लागते!"

"मलाही लागेल. रत्नागिरीपर्यंत लागेल."

"ही बोट रत्नागिरीवरून जात नाही!"

"मग जिथवर लागायची तिथवर. वनमालाबाई म्हणाल्या, केबिनचं दार लावून मोंबासापर्यंत जप करीन. मला त्या बंद दाराचीच भीती वाटते, आई."

उत्तराबाई सुनेकडे बघत राहिल्या. पोरीचे डोळे लग्नातसुद्धा असे चमकले नव्हते.

"बाळाला एकीने तरी धरा म्हणजे झालं," त्या म्हणाल्या.

सुगंधाने तिथंच, भर दिवाणखान्यात, बाळासकट एक गिरकी घेतली.

बोट गेली. दत्ताराम रोज आमटी करून खाई आणि संध्याकाळी उत्तराबाईंकडे डोकावून जाई. एका संध्याकाळी त्या हातात मोंबासाहून आलेली तार घेऊन दारातच उभ्या होत्या. इंग्रजी अक्षरांत तीनच मराठी शब्द: ‘बोट लागली झकास’.

"लागली म्हणजे कुठली लागली हो?" उत्तराबाईंनी काळजीने विचारलं.

दत्तारामाने तार दोनदा वाचली. त्याचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "दोन्ही," तो म्हणाला.

उत्तराबाई झोपाळ्यावर बसल्या. तार मांडीवर ठेवून त्यांनी जमिनीला पायाने हलकेच रेटा दिला. जरा वेळाने त्यांनी विचारलं, "अहो दत्ताराम, मोंबासाच्या पुढे बोट कुठं कुठं लागते?"