न्यायमूर्तींचं मत

क्रीडा पत्रकारांनी आपल्यातल्या एका ज्येष्ठाचं नाव न्यायमूर्ती ठेवलं होतं. ठेवलं होतं चेष्टेनं, पण स्वारीला ती पदवी वाटली आणि तेव्हापासून स्वारी सावकाश चालायलाही लागली.

वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार हेच पत्रकार आपल्या मतांनी ठरवत. त्यातले निम्मे सामन्याला उशिरा यायचे, मध्यंतराला हादडायचे आणि गोल कुणी केला ते शेजाऱ्याला विचारून बातमी ठोकायचे. मत मात्र प्रत्येकाला होतं, आणि ते भरल्या सभागृहात माइकसमोर उभं राहून सांगायची पद्धत होती. पहिला मान सगळ्यांत ज्येष्ठाचा, म्हणजे न्यायमूर्तींचा.

यंदा चुरस दोघांतच होती. एक आघाडीचा देखणा खेळाडू, गोलपेक्षा केसांची काळजी जास्त घेणारा. दुसरा गोलरक्षक, न्यायमूर्तींच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यानं हंगामभर संघ एकट्यानं तारला होता, हे मामांनी स्वतःच आठवड्यामागून आठवडे छापलं होतं. गुडघा कामातून गेल्यामुळे हा त्याचा शेवटचा हंगाम. पुरस्कार मिळाला तर क्लब त्याला प्रशिक्षक म्हणून ठेवून घेणार होता, नाहीतर घरी बसवणार होता. तेही मामांना ठाऊक होतं.

तरी ते घसा खाकरून माइकसमोर उभे राहिले. रक्ताच्या नात्याला मत दिलं तर लेखणी बाटेल, वगैरे बरंच काही बोलले आणि मत त्या देखण्याला देऊन मोकळे झाले. टाळ्या पडल्या. स्वारी खुशीत खुर्चीत येऊन बसली. बाकीचे भाच्यालाच निवडणार, पोराचं भलं होणार आणि वर आपलंही नाव होणार, असा त्यांचा हिशेब होता. असली फुकटची तत्त्वं पाळायला कुणाचं काय जातं?

मग एकेक जण माइकपाशी गेला. देखण्याच्या क्लबनं पत्रकार कक्षात गुबगुबीत खुर्च्या टाकल्या होत्या, त्या बऱ्याच जणांना नेमक्या आठवल्या. ज्यांनी खरोखर सामने पाहिले होते, त्यांनी गोलरक्षकाचं नाव घेतलं. शेवटी देखणा एका मतानं जिंकला.

न्यायमूर्तींचं तोंड एवढंसं झालं. आता कोण टाळ्या वाजवणार?

बाहेर जिन्यावर भाचा कठडा धरून सावकाश उतरत होता. मामांनी त्याला गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि प्रश्न तत्त्वाचा कसा होता ते समजावायला लागले. त्यानं ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"मामा, यंदा सगळ्यांत चांगलं कोण खेळलं?"

"तूच की."

"मग?"

मामा चाचरले. "अरे, पण लोकांनी काय म्हटलं असतं?"

भाच्यानं खांद्यावरचा हात हळूच बाजूला केला.

"लोकांनी मला मतं दिली, मामा. तुमचंच राहिलं."