उंबऱ्यावरचा गज

आमच्या नांदेडच्या गल्लीत थोडा वेळ दुकान सोडायचं असलं की कुणी शटर ओढत नाही. उंबऱ्यावर काहीतरी आडवं ठेवायचं, बस. मी कापडवाला, म्हणून मी माझा कापड मोजायचा लोखंडी गज ठेवतो अन् नमाजला जातो. एकतीस वर्षांत तो ओलांडून कुणी आत गेलं नाही. शेजारी वह्या-पेन विकणारा निवृत्ती तेवढा वेळ लक्ष ठेवायचा.

यंदा समोरची तीन दुकानं पाडून काचेचं शोरूम उभं राहिलं. त्याच्या मालकाला आता आमची बाजूपण पाहिजे. मी दोनदा साफ नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून मी गिऱ्हाइकांवर उगीच खेकसतो.

शुक्रवारी मशिदीतून परत आलो तर उंबरा मोकळा. आत शोरूमचा माणूस वाकून माझ्याच गजानं फरशी मोजत होता. निवृत्ती आकडे लिहून घेत होता.

"कुणाला विचारून आत आलात रे?" मी ओरडलो, पण आवाज चिरका निघाला.

निवृत्तीनं मान वर केली नाही. "खाजाभाई, माझं दुकान मी काल देऊन टाकलं. तुमचंबी आज ना उद्या जाणारच हाय."

त्या माणसानं गज पुन्हा उंबऱ्यावर नीट आडवा ठेवला, अन् तो ओलांडून शांतपणे निघून गेला.

शनिवारी दुपारी अजान झाली. मी गज मांडीवर घट्ट धरून दुकानातच बसून राहिलो.